चार वाजून दहा मिनिटांचा वास

५ नोव्हेंबर २०२४, मंगळवार. सिल्वासा.

या वहीत एकच गोष्ट सिद्ध करावयाची आहे. प्रतिज्ञा : कारखान्यांच्या हवेत राहणाऱ्या वृद्ध माणसाच्या मेंदूतील पेशींचे रक्षण ई आणि क ही जीवनसत्त्वे करतात. हेतू : दूषित हवेतून शरीरात जाणारी द्रव्ये पेशींवर जो घाव घालतात, तो ही जीवनसत्त्वे स्वतःवर घेतात. उदाहरण : काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशी, त्यांविषयीचे तीन निबंध मी टिपणे काढून वाचले आहेत. उरला उपनय, म्हणजे 'येथेही तसेच आहे' असे दाखविणे. त्यासाठी बशी पुरत नाही, माणूस हवा. माणूस म्हणजे कुसुम, माझी पत्नी.

परिस्थिती नोंदवून ठेवतो. वय : तिचे एकाहत्तर, माझे शहात्तर. आम्ही दोन वर्षांपूर्वी नाशिकहून मुलाकडे, उदयकडे, राहावयास आलो. तो राखोलीला वेष्टने छापणाऱ्या कारखान्यात व्यवस्थापक आहे. घर तिसऱ्या मजल्यावर. मागे आवाराची भिंत, भिंतीपलीकडे पत्र्याच्या शेडा. तेथेही छपाईच चालते, पण मालक दुसरा. कुसुमला अलीकडे नावे चटकन आठवत नाहीत. परवा शेजाऱ्यांच्या सुनेला तिने त्यांच्या मुलीच्या नावाने हाक मारली. तिच्या हृदयाचे ठोके अनियमित आहेत, त्यासाठी चार वर्षे रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू आहे. बाकी प्रकृती ठीक.

मी स्वतः प्रयोगात नाही. परीक्षकाने परीक्षेला बसू नये.

७ नोव्हेंबर

पहिली मात्रा. ई चारशे, क पाचशे, न्याहारीनंतर. कुसुमने ई-ची गोळी उजेडात धरली. "मधाचा थेंब वाटतोय हो." मग — "आणि तुमची कुठाय?" मी नियम सांगितला. "वा! म्हणजे तुम्हाला नापास व्हायची सोयच नाही!"

दहा शब्द वाचून दाखवले, पंधरा मिनिटांनी विचारले. नऊ आले. विसरलेला शब्द : किल्ली.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

चहा घेत होतो. तिने कप खाली ठेवला.

"केळी आणलीत का?"

नाही आणली.

"मग कुणी आणली?"

घरात केळी नव्हती. तिने स्वयंपाकघर पाहिले, फ्रिज पाहिला, शेवटी वाकून पलंगाखाली पाहिले. म्हणाली, पिकून काळी पडलेली केळी, आणि त्यांच्यावर कुणी नखांचा रंग सांडल्यासारखे. मी खिडकीपाशी उभे राहून दीर्घ श्वास घेतले. काही नाही. वेळ ४.१० ते ४.५०.

नसलेला वास येणे! याविषयी वाचले आहे. मेंदूच्या बाजूच्या भागात बिघाड असल्यास असे होऊ शकते. लक्षण मला वाटले होते त्यापेक्षा लवकर दिसले. प्रयोग वेळेवर सुरू झाला म्हणावयाचे.

१० नोव्हेंबर

स्वयंपाकाला येणाऱ्या कमळाबाईंच्या हाताची चव गेली आहे. तसे त्यांना सांगितले. राग आला.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

पुन्हा. पुन्हा ४.१०! या वेळी ती शोधत बसली नाही. नुसते म्हणाली, "आला."

साक्षी घेतल्या. पहिली माझी : वास नाही. दुसरी कमळाबाईंची. त्या दुपारी तीनला येतात, सहाला जातात. म्हणजे त्या वेळी घरातच होत्या. वही घेऊन स्वयंपाकघरात गेलो. "कमळाबाई, तुम्हाला आत्ता कसला वास येतो आहे?" त्यांनी माझ्याकडे पाहिले, वहीकडे पाहिले, पुन्हा पोळी लाटू लागल्या.

"मला तं काही नाही येत, काका. फोडणीचा येतो."

"नीट आठवून सांगा."

"काकूंना येत असंल. मला नाही."

तिसरी साक्ष उदयची. तो रात्री नऊला आला, बूट काढता काढता म्हणाला, "नाही हो बाबा. आणि मी दिवसभर त्या शाईत असतो, मला घरी आल्यावर जेवणाचासुद्धा येत नाही." साक्ष स्पष्ट आहे. तिघे विरुद्ध एक.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

४.१०.

गच्चीच्या कठड्यावर एक करडी मांजर दुपारी झोपते. कुसुम म्हणाली, "तिच्याकडे बघा." चार वाजून आठ मिनिटांनी मांजरीने डोके वर केले. नवव्या मिनिटाला उठली. भिंतीच्या बाजूला तोंड करून कान मागे घेतले, आणि गेली. पळाली नाही. कुणाला वाट करून द्यावी तशी बाजूने गेली.

प्राण्यांना सवयी असतात. यावरून काहीही सिद्ध होत नाही.

१७ नोव्हेंबर

दूध उतू जाऊन करपले. मी ओट्यापासून चार हातांवर वाचत बसलो होतो. कुसुम आंघोळीतून ओरडत आली, "अहो, नाक आहे का काय आहे!" एकाग्रतेचे असे तोटे असतात.

२० नोव्हेंबर

कुसुमला डॉ. सोनाली भामरे यांच्याकडे नेले. मूळच्या धुळ्याच्या, वय पस्तिशीचे, बोलण्यात घाई. मेंदूचे चित्र काढून आणले होते. "वयाच्या मानाने एकदम छान आहे, काका." मी म्हटले, काही घाव चित्रात दिसत नसतात. त्यांनी ते मान्य केले. नसलेल्या वासाविषयी सांगितले. त्यांनी कुसुमला विचारले, घरात आणखी कुणाला येतो? ती काही बोलण्यापूर्वी मी तिन्ही साक्षी सांगितल्या. डॉक्टरांनी काहीतरी लिहिले.

गोळ्यांविषयी म्हणाल्या, "व्हिटॅमिन ना? घेऊ द्या. पण जास्त नको हं, ह्यांची रक्ताची गोळी चालू आहे."

'जास्त' हा शब्द मोजमापाशिवाय निरर्थक आहे. मी मोजमाप विचारले नाही; बाहेर अकरा माणसे खोळंबली होती.

परतताना रिक्षात कुसुम म्हणाली, "तिने मला विचारलं होतं. उत्तर तुम्ही दिलंत."

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

४.१०. शब्द : दहापैकी दहा.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

आज निर्णायक चाचणी केली, ती सविस्तर लिहितो.

माझा तर्क असा. वास मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, याच वेळी येतो. म्हणजे मन वाट पाहते आणि ज्याची वाट पाहते ते निर्माण करते. वार आणि वेळ काढून घेतली तर वासही जावयास हवा. काल रात्रीच दिनदर्शिका काढली. वर्तमानपत्र खालीच थांबवले. घड्याळांच्या बॅटऱ्या काढल्या, तिचा फोन उदयकडे दिला, पडदे ओढून दिवे लावले. दुपारची झोप तिने केव्हा घेतली, किती घेतली, हे तिला कळू नये म्हणून तिला दोनदा उठवले. कमळाबाईंना सुट्टी. कुसुमने सगळे निमूट सहन केले. "भुतं उतरवणारे सुद्धा इतकं करत नाहीत," एवढेच म्हणाली.

माझे मनगटी घड्याळ बाहीखाली होते.

ती डाळ निवडत होती. दिव्याखाली, पाठमोरी. घरात आवाज फक्त डाळीचा. तो थांबला. तिने मान वर केली नाही; हात ताटात तसेच ठेवले आणि हळू म्हणाली, "पाहुणा आला."

बाही वर केली. चार वाजून दहा.

माझ्या हातांवर काटा आला. ही नोंद केवळ पूर्णतेसाठी.

२७ नोव्हेंबर

रात्रभर विचार केला. शरीराला स्वतःचे घड्याळ असते. पडद्यांनी ते थांबत नाही. म्हणून कालच्या चाचणीने माझी प्रतिज्ञा खंडित होत नाही. उलट बिघाड किती खोल आहे ते दिसते. शब्दांची स्मृती सुधारली, म्हणजे जीवनसत्त्वे काम करीत आहेत. घ्राणाचा भाग मागे राहिला आहे. त्याला अधिक हवे.

ई : चारशेवरून आठशे. डॉक्टरांना फोन केला नाही. त्यांच्या 'जास्त'चा अर्थ मी त्यांच्याइतकाच लावू शकतो.

३ डिसेंबर, मंगळवार



आज वास न्हाणीघराच्या झडपेतून आला, असे ती म्हणाली. मी खुर्चीत बसलो होतो, ती पलंगावर. ती त्याची वाटचाल सांगत गेली, डोळे मिटून, एखादा माणूस चालत यावा तशी. "पॅसेजमध्ये आहे." थोड्या वेळाने — "दारात." मग — "तुमच्या खुर्चीमागे थांबलाय."

मी मागे वळलो नाही. वळलो असतो तर तिचे म्हणणे अर्धे मान्य केल्यासारखे झाले असते.

"आता तुमच्या तोंडावर आहे. अहो, उठा ना! श्वास घेऊ नका!"

मी श्वास मोजून घेतले. चौदा. प्रत्येक श्वास स्वच्छ, रिकामा. तिने डोळे उघडले होते आणि ती माझ्याकडे पाहत होती. पाण्यात उतरणाऱ्या माणसाकडे काठावरून पाहावे तसे. 

संध्याकाळी माझे डोके दुखले. चष्म्याचा नंबर बदलला असावा.

५ डिसेंबर

तिच्या दंडावर दोन निळे डाग, पोटरीवर एक. कुठे आपटलीस? "कुठेच नाही." तोल जात असावा. नोंद.

८ डिसेंबर

डाग पाच. शब्द दहापैकी दहा, सलग सहावा दिवस. तिने आज यादी उलट्या क्रमानेही म्हणून दाखवली. "आता तरी घाला ना मास्तर, वरच्या वर्गात!"

१० डिसेंबर, मंगळवार

भांडण झाले. आमच्या घरी आवाज चढत नाहीत. तेव्हा याला भांडणच म्हटले पाहिजे.

वास येऊन गेल्यावर ती पिशवी भरू लागली. नाशिकला, धाकट्या बहिणीकडे, विद्याकडे जाते म्हणाली. "महिनाभर राहते. तिथे वास आला तर मी वेडी. नाही आला तर तुमचं घर वेडं. आहे की नाही सोपी परीक्षा? तुम्हीच काढल्यासारखी."

मी म्हटले, प्रयोग मध्येच सोडता येणार नाही. शिवाय ज्या व्यक्तीच्या इंद्रियांचा भरवसा नाही तिला एकटीने प्रवास करू देणे योग्य नव्हे. उदयला फोन लावला. तोही म्हणाला, आई, बाबा म्हणतात ते ऐक, जानेवारीत मी सोडतो.

तिने पिशवी रिकामी केली. एकेक पातळ घडी घालून परत ठेवले. मग शांतपणे बोलली, इतक्या शांतपणे की मला शब्दशः आठवते आहे.

"एकतीस वर्षं पोरांना धूर आणि अग्नी शिकवलंत. डोंगरावर धूर दिसतोय, म्हणजे तिथे आग आहे. मी पहिल्या बाकावरच्या पोरासारखी सांगतेय, धूर आहे, धूर आहे. आणि तुम्ही म्हणता, तुझे डोळे तपासू."

मी म्हटले, धूर आधी सिद्ध असावा लागतो.

"कुणाला?"

प्रश्न अपुरा होता.

१३ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी दात घासताना हिरड्यांतून रक्त. थांबेना. मग नाकातून. यादीचा कागद समोर होता, त्यावर पडले. दहापैकी चार शब्द वाचता येतात.

रुग्णालय. उदय गाडी चालवत होता, मी मागे तिचे डोके धरून. ती टॉवेलमधून म्हणाली, "घाबरू नका." मला!

१४ डिसेंबर

रक्त थांबले. धोका टळला असे आज दुपारी सांगितले. डॉ. भामरे यांनी मला बाजूला घेतले. रक्त गोठण्याचा आकडा असावयास हवा त्याच्या तिपटीजवळ गेला होता. "काका, ई किती देत होतात?" सांगितले. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी केवळ आकडा लिहून घेतला. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळीवर इतके ई म्हणजे गोळी कित्येक पट करण्यासारखेच, असे म्हणाल्या. मग, "बशीतल्या पेशींना हृदय नसतं ना, काका. त्यांना दुसरी गोळी चालू नसते."

यात खंडन करण्यासारखे काही सापडले नाही.

१५ डिसेंबर, रविवार

कमळाबाई डबा घेऊन रुग्णालयात आल्या. कुसुम झोपली होती. त्या बाकावर माझ्याशेजारी बसल्या. एरवी त्या माझ्यासमोर बसत नाहीत.

"काका, मी खोटं बोलले."

मी डबा बाजूला ठेवला.

"वास येतो. पहिल्या दिवसापासून येतो. काकूंना येतो तस्साच, केळ्यांचा. भिंतीमागं आमचे घरधनीच ते शाईचे ट्रे धुतात ना, मंगळवारी न् शुक्रवारी, पाळी बदलायच्या आधी. शेडमधी धुवायचे तर मशीन बंद ठेवावं लागतं, म्हणून बाहेर. सुपरवायझर म्हणे, कंप्लेंट गेली तर चिंधा, पहिला तू घरी."

मग मी विचारले तेव्हा का सांगितले नाही?

"तुम्ही वही घिऊन आले होते, काका. लिहिलेलं कुठं जाईल, मला काय ठावं?"

डोळे पुसून पुढे म्हणाल्या, "काकूंना मी सांगितलं होतं. मागच्या महिन्यातच. त्या बोलल्या, कमळे, तू गप राह्य, तुझ्या घरचा पगार जाईल. मी बघते माझं."

हे दोनदा लिहावेसे वाटले. एकदाच लिहितो.

तर वास आहे. ठिकाण आहे, वार आहे, वेळ आहे, कारण आहे. कुसुमच्या मेंदूत बिघाड नव्हता; तिने सांगितले ते सर्व खरे होते. मला तो का आला नाही, एवढाच प्रश्न उरतो. वाऱ्याची दिशा. खुर्चीची जागा. मंगळवारी प्रत्यक्ष जाऊन पाहीन.

१७ डिसेंबर, मंगळवार

चारला रस्त्याने वळसा घालून भिंतीमागे गेलो. फाटकावर कुणी अडवले नाही; या वयाला कुणी अडवत नाही.

चिंधा एकटाच होता. तोंडाला ओला गमछा, हातात फडके. पिंपातून पाण्यासारखे काहीतरी ट्रेमध्ये ओतत होता, आणि ट्रेवरची हवा थरथरत होती, उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर थरथरते तशी. त्यातून मला आमची तिसऱ्या मजल्यावरची खिडकी दिसली. तीही थरथरत होती. माझे डोळे चुरचुरू लागले, पाणी आले. घड्याळ पाहिले. चार वाजून नऊ. मी आणखी दोन पावले पुढे गेलो.

"ओ काका! लांब व्हा, लांब व्हा! डोकं धरंल वासानं!"

मी विचारले, "कसला वास?"

तो हसला. त्याला वाटले, म्हातारा गंमत करतो. ट्रेतले फडके उचलून त्याने माझ्या नाकापुढे धरले, ठिबकत होते ते. मी श्वास घेतला. पूर्ण घेतला. तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला आणि त्याचे हसणे हळूहळू गेले.

१९ डिसेंबर २०२४, गुरुवार

डॉ. भामरे यांनी डोळे मिटावयास सांगितले आणि एकामागून एक तीन बाटल्या नाकाखाली धरल्या : कापूर, लवंग, कॉफी. मी तिन्ही वेळा म्हणालो, "अजून धरली नाहीत." केव्हापासून? सांगता येत नाही. मेंदूची तपासणी आता माझी होणार आहे. विस्मृतीच्या आजाराचे पहिले चिन्ह कधी कधी हेच असते, असे त्यांनी सांगितले. कुसुम सकाळी विद्याबरोबर नाशिकला गेली. मी सोडावयास गेलो होतो, पण यातले काही सांगितले नाही. तिने विचारले नव्हते.

कबुली. कुसुमचे म्हणणे खोटे ठरविण्यासाठी मी तीन साक्षी मांडल्या. एक साक्षीदार भ्यालेला होता, दुसरा दिवसभर शाईत असणारा. त्या दोघांना मी निदान प्रश्न तरी विचारले. तिसऱ्याला, म्हणजे स्वतःला, एकही विचारला नाही, आणि त्याची साक्ष सर्वांत वर ठेवली. चूक एक. बाकीचे सारे, रक्तासह, त्या चुकीतून निघाले.

अरविंद द. निफाडकर
तर्कशास्त्राचा निवृत्त अध्यापक, सिल्वासा